दुसऱ्याचा अवयव, आपले शरीर : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

६ ऑक्टोबर २०२५ रोजी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना जाहीर झाले. त्याच्या बातम्यांमध्ये अवयव प्रत्यारोपणाचा उल्लेख होता, आणि त्यानंतर या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावरची निघाली : बसवलेला अवयव शरीराने कायमचा आपला मानावा आणि रोजच्या गोळ्या सुटाव्यात, हे शक्य आहे काय? त्यांपैकी काही पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. मजकूर आजारपणाचा असल्यामुळे नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या यजमानांना तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी किडनी दिली. तेव्हापासून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन चालू आहे. त्यांना मधुमेह नव्हता, तोही आता मागे लागला आहे आणि हात थरथरतात. नोबेलच्या शोधामुळे या गोळ्या बंद होतील असे वाचले. हे खरे आहे का? (सातारा)

उत्तर : आज तरी नाही, पण आशा का निर्माण झाली, ते समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या रक्तातील टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत परिपक्व होतात. तेथे त्यांची कडक पारख होते आणि स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू पाहणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच नष्ट केल्या जातात. तरीही काही निसटतातच. अशा निसटलेल्या पेशींना बाहेर कोण आवरते, हा प्रश्न अनेक वर्षे वादाचा होता. जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांची थायमस काढून टाकली, तर काही आठवड्यांतच त्यांची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उठते, हे निरीक्षण जुने होते. साकागुची यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि १९९५ मध्ये इतर पेशींना आवर घालणाऱ्या एका विशिष्ट गटाची ओळख पटवली. त्यांनाच आज नियामक टी पेशी म्हणतात. ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी त्वचेवर खपल्या धरून लवकर मरणाऱ्या उंदरांच्या एका वाणातील सदोष जनुक २००१ मध्ये शोधून काढले. ते फॉक्सपी-३. या जनुकावाचून नियामक पेशी घडतच नाहीत, हे पुढे दोन वर्षांत स्पष्ट झाले.

याचा आपल्या यजमानांशी संबंध असा. ते घेत असलेल्या गोळ्या एकूणच प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतात. त्यामुळे सासूबाईंची किडनी सुरक्षित राहते. परंतु क्षयाचे जंतू, विषाणू आणि बुरशी यांच्याशी लढण्याची ताकदही तेवढ्याच प्रमाणात कमी होते. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन ही दोन्ही औषधे मधुमेहाला निमंत्रण देतात, थरथर बहुधा टॅक्रोलिमसची असते, आणि सर्वांत विचित्र गोष्ट म्हणजे ज्या किडनीसाठी टॅक्रोलिमस घ्यायचे तिलाच ते दीर्घकाळात थोडे थोडे इजा करते. संशोधकांना हवी आहे ती वेगळी अवस्था, जिच्यात फक्त दात्याच्या अवयवाला विरोध होणार नाही आणि बाकीची प्रतिकारशक्ती शाबूत राहील. राखणीच्या कुत्र्याला गुंगीचे औषध देऊन पाहुण्याला घरात घेणे वेगळे आणि कुत्र्याला त्या पाहुण्याची ओळख पटवून देणे वेगळे. आजचे उपचार पहिल्या प्रकारचे आहेत. औषधांशिवाय किमान एक वर्ष अवयवाचे काम स्थिर राहिले, तर त्या रुग्णाला ही अवस्था साध्य झाली असे व्यवहारात मानले जाते.

रुग्णाच्या रक्तातून नियामक पेशी वेगळ्या काढून, प्रयोगशाळेत वाढवून त्या पुन्हा त्यालाच देण्याचे प्रयोग झाले आहेत. युरोप आणि अमेरिकेतील काही केंद्रांनी मिळून मूत्रपिंडाच्या रुग्णांवर केलेल्या अशा चाचण्यांचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पेशी देणे सुरक्षित ठरले, विषाणूंचे संसर्ग कमी झाले आणि बऱ्याच रुग्णांना तीनऐवजी एका औषधावर ठेवता आले. मात्र ते एक औषध राहिलेच. बातमी आणि दवाखाना यांच्यातले अंतर इतके आहे.

मधुमेह आणि थरथर यांबद्दल मात्र निमूटपणे सोसत राहू नका. टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी पाहून मात्रा बदलणे किंवा औषधांची जुळणी बदलणे हे आपल्या नेफ्रॉलॉजिस्टच्या हातात आजही आहे. पुढच्या भेटीत हे दोन्ही त्रास त्यांना आवर्जून सांगा.

प्रश्न : उंदरांवर यशस्वी झालेल्या प्रयोगांच्या बातम्या आयुष्यभर वाचत आलो. माणसांत हे कुणाच्या बाबतीत प्रत्यक्ष घडले आहे का? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : घडले आहे. मात्र त्याचा इतिहास उंदरांच्याही आधी गाईंपासून सुरू होतो. गाईच्या जुळ्या वासरांचा गर्भाशयात रक्तपुरवठा एकमेकांत मिसळलेला असतो. अशी वासरे मोठी झाल्यावरही एकाच्या शरीरात दुसऱ्याच्या रक्तपेशी नांदत असतात, हे रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवले. जुळी एकसारखी नसूनही कुणी कुणाला हुसकावत नव्हते.

इकडे पीटर मेडावार महायुद्धाच्या काळात ग्लासगोमध्ये भाजलेल्या रुग्णांवर दुसऱ्याची त्वचा लावून पाहत होते. त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली, तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळून पडते, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे शरीर नकार लक्षात ठेवते. मग होकारही लक्षात ठेवायला शिकवता येईल काय? १९५३ मध्ये मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी एका वाणाच्या उंदरांच्या पेशी दुसऱ्या वाणाच्या, अजून गर्भाशयात असलेल्या पिलांना टोचल्या. ती पिले जन्मून वाढल्यावर त्यांच्यावर पहिल्या वाणाची त्वचा लावली. काही पिलांनी ती स्वीकारली आणि तपकिरी उंदराच्या अंगावर पांढऱ्या केसांचा तुकडा खुशाल वाढत राहिला. मेडावार यांना १९६० मध्ये बर्नेट यांच्यासह नोबेल मिळाले. बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी केले होते. तेथे मात्र दोघांची जनुके एकच असल्यामुळे शरीराला परके असे काही दिसलेच नाही.

प्रौढ माणसाला पुन्हा गर्भात पाठवता येत नाही, म्हणून संशोधकांनी प्रतिकारयंत्रणा तात्पुरती मोडून, दात्याची अस्थिमज्जा देऊन ती नव्याने उभी करण्याचा मार्ग धरला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डेव्हिड सॅक्स, बेनेडिक्ट कोसिमी, तात्सुओ कवाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवर हे केले आणि २००८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. या रुग्णांचे दाते जवळचे नातेवाईक होते, परंतु ऊतींची, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांची, जुळणी निम्मीच होती. शस्त्रक्रियेआधी सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरचे औषध, टी पेशी घटवणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) आणि थायमसच्या जागी किरणोत्सर्ग; मग एकाच दिवशी दात्याचे मूत्रपिंड आणि त्याचीच अस्थिमज्जा. काही आठवडे रुग्णाच्या रक्तात दोघांच्याही पेशी दिसत राहिल्या. पुढे दात्याच्या पेशी नाहीशा झाल्या, तरी किडनी टिकली. एका रुग्णाची किडनी प्रतिपिंडांच्या हल्ल्यात गेली. उरलेल्या चौघांची औषधे हळूहळू, पुष्कळ महिन्यांत, पूर्ण बंद करता आली. या पद्धतीने औषधे सुटलेल्या काहींना पुढे कित्येक वर्षांनी ती पुन्हा सुरू करावी लागली, हेही त्याच गटाने नंतर प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम्युएल स्ट्रोबर यांच्या गटाने वेगळी वाट घेतली. तेथे आधी किडनी बसवतात, त्यानंतरच्या दिवसांत लसिका ग्रंथी आणि प्लीहा यांवर थोडा थोडा किरणोत्सर्ग देतात आणि साधारण अकराव्या दिवशी दात्याच्या मूलपेशी (ज्यांपासून रक्तपेशी तयार होतात त्या) सोडतात. पूर्ण जुळणाऱ्या सख्ख्या भावंडांकडून किडनी मिळालेल्या बहुसंख्य रुग्णांच्या गोळ्या तेथे सुटल्या. निम्मी जुळणी असलेल्यांमध्ये ते इतके सहज जमले नाही.

शिकागो आणि लुईव्हिल येथील लेव्हेंथाल व इल्डस्टाड यांनी तर दात्याच्या पेशींना रुग्णाच्या शरीरात कायमचे, जवळजवळ संपूर्ण राज्य दिले. त्यांचे २०१२ मधील निष्कर्ष थक्क करणारे होते. पण दात्याच्या पेशी बलवत्तर झाल्या की त्या रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याचा धोका असतो, आणि पुढच्या मोठ्या चाचणीत असा एक मृत्यू झाल्यानंतर २०२३ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली. माझ्या मते या क्षेत्राची खरी स्थिती या घटनेत जितकी स्पष्ट दिसते तितकी यशाच्या आकड्यांत दिसत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला दुसरा उपाय नसतो असे नाही; गोळ्या घेऊन तो वर्षानुवर्षे संसार, नोकरी, शेती करतो. त्यामुळे गोळ्या सोडवण्यासाठी जिवावर बेतणारा उपचार करायचा का, हे ठरवताना मोजमाप कर्करोगाच्या रुग्णासारखे लावता येत नाही.

मग उंदरांत जे सहज साधते ते माणसात का साधत नाही? प्रयोगशाळेतला उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेला असतो. माणसाने आयुष्यभर असंख्य संसर्ग झेललेले असतात, आणि त्यातून तयार झालेल्या स्मृती टी पेशींपैकी काही परक्या अवयवालाही ओळखून बसतात. त्यांना वळवणे अवघड असते.

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षाची असताना तिला मी यकृताचा भाग दिला. आता ती दहा वर्षांची आहे, सगळे रिपोर्ट उत्तम आहेत. यकृताच्या बाबतीत औषधे बंद करता येतात असे दुसऱ्या एका पालकांकडून कळले. (ठाणे)

उत्तर : तुम्हाला कळले त्यात तथ्य आहे, आणि या सर्व पत्रांत सर्वाधिक आशा तुमच्याच बाबतीत धरता येईल. यकृत हा स्वभावतःच समजूतदार अवयव आहे. आतड्यातून शोषलेले सारे परके पदार्थ प्रवेशिका शिरेने आधी त्याच्याकडेच जातात, आणि प्रत्येकाविरुद्ध युद्ध पुकारणे त्याला परवडणारे नसते. आईने किंवा वडिलांनी यकृताचा भाग दिलेल्या निवडक २० मुलांची औषधे अमेरिकेत अत्यंत सावकाश कमी करून पाहिली, तेव्हा त्यांपैकी १२ जणांत ती बंद करता आली. हा अहवाल २०१२ मधला. त्यानंतरच्या अधिक मोठ्या अभ्यासात हे प्रमाण निम्म्याहून कमी आले. शिवाय, रक्ततपासणी निर्दोष असलेल्या काही मुलांच्या यकृतात बायॉप्सीमध्ये दाह दडलेला आढळला.

म्हणून ‘सगळे रिपोर्ट उत्तम’ एवढ्यावर निर्णय होत नाही. डॉक्टरांना हा विषय काढण्यासारखा वाटला, तर आधी बायॉप्सी होईल, मग महिन्यामहिन्यांनी मात्रा कमी होईल आणि वारंवार तपासण्या होतील. यकृतात नकाराची सुरुवात झाली तरी औषध पुन्हा वाढवून ती बहुधा आटोक्यात येते. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या बाबतीत अशी दुसरी संधी गृहीत धरता येत नाही.

प्रश्न : आमच्या खानदेशातले पुष्कळ रुग्ण किडनीसाठी गुजरातेत जातात. अहमदाबादला दात्याच्या मूलपेशी देऊन गोळ्या कमी करतात असे ऐकले होते. तो प्रयोग पुढे गेला का? (जळगाव)

उत्तर : आपण ऐकले ते डॉ. एच. एल. त्रिवेदी यांच्या कामाविषयी असणार. कॅनडातील काम सोडून ते १९७७ मध्ये अहमदाबादला परतले आणि तेथील मूत्रपिंड संस्था त्यांनी नावारूपाला आणली. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. दात्याच्या अस्थिमज्जेतील, आणि पुढे चरबीतून मिळवलेल्या मूलपेशीही, शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाच्या प्रवेशिका शिरेतून यकृतात सोडायच्या, अशी त्यांची कल्पना होती. वरच्या उत्तरात यकृताच्या समजूतदारपणाचा उल्लेख केला, त्याचाच हा उपयोग. बॉस्टन किंवा स्टॅनफर्डप्रमाणे औषधे शून्यावर आणण्यापेक्षा ती कमीत कमी ठेवण्यावर त्यांचा भर अधिक राहिला, आणि ज्या देशात गोळ्यांचा महिन्याचा खर्च न झेपल्यामुळे चांगल्या चाललेल्या किडन्या वाया जातात त्या देशात हे उद्दिष्ट किरकोळ म्हणता येणार नाही.

तथापि, या पद्धतीचे निष्कर्ष मुख्यतः एकाच संस्थेतून आले आणि इतरत्र तो नेहमीचा उपचार म्हणून रुजला नाही. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्याच्या भरवशावर कुणी आज रुग्णालय निवडावे, असे मी सुचवणार नाही.

प्रश्न : माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच गोळ्या बंद केल्या. त्यांचे क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळते तो टाकाऊ पदार्थ) १.२ आहे. मग सगळ्यांनाच जन्मभर गोळ्या कशासाठी? (पुणे)

उत्तर : असे रुग्ण जगभर आढळले आहेत आणि त्यांचा बारकाईने अभ्यासही झाला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत अशा लोकांच्या रक्तात बी पेशींशी (प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींशी) संबंधित काही वेगळ्या खुणा सापडल्या. परंतु त्या खुणा पाहून ‘याच्या गोळ्या बंद करा’ असे सांगता येईल, अशी तपासणी अजून तयार झालेली नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत असे भाग्यवान फार थोडे असतात. ज्यांनी गोळ्या सोडल्या आणि जे पुन्हा डायलिसिसवर आले, त्यांची गोष्ट कट्ट्यावर कुणी सांगत नाही.

१.२ या आकड्यावर विसंबणेही बरोबर नाही. क्रिएटिनिन वाढते तेव्हा किडनीच्या कामाचा बराच भाग आधीच गेलेला असतो. त्यापूर्वी कित्येक महिने दात्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात तयार होत असतात, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि बायॉप्सीत केशवाहिन्यांना इजा झालेली दिसते. एकदा ही प्रतिपिंडे बळावली की गोळ्या पुन्हा सुरू करूनही पूर्वस्थिती येत नाही, आणि पुढे दुसरी किडनी मिळायची झाली तर जुळणारा दाता मिळणेही अवघड होते. आपल्या परिचितांना दात्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यायला सांगा. रागावतील या भीतीने डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवली असेल, तर ती आजच सांगावी.

प्रश्न : माझा सख्खा भाऊ न्यू जर्सीत असतो. आमची ऊतींची जुळणी पूर्ण आहे आणि तो किडनीबरोबर मूलपेशीही द्यायला तयार आहे. माझे वय ३१, लग्न ठरले आहे. असा उपचार मागावा का? (नागपूर)

उत्तर : सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते, ती तुमच्या वाट्याला आली आहे आणि आजवरचे सर्वांत चांगले निष्कर्ष अशाच जोड्यांचे आहेत. तरी दोन गोष्टी तोलाव्यात. पूर्ण जुळणी असलेल्या भावाची किडनी साध्या उपचारानेही, कमी मात्रेच्या गोळ्यांवर, उत्तम चालते. म्हणजे तुमचा संभाव्य लाभ इतरांपेक्षा मुळातच कमी आहे. दुसरे म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड आणि किरणोत्सर्ग यांचा परिणाम अपत्यप्राप्तीवर होऊ शकतो. लग्न ठरलेल्या व्यक्तीने हे आधी विचारले पाहिजे आणि बीज गोठवून ठेवण्याची सोय कोठे आहे, तेही पाहिले पाहिजे. भावाला मूलपेशी देण्यासाठी चारपाच दिवस इंजेक्शने घ्यावी लागतील; अंगदुखी होते, ती पुढे थांबते.

भारतात कुणी अशा उपचाराचे पॅकेज देऊ केले तर सावध राहा. आपल्याकडील २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यताप्राप्त आजार वगळता, मूलपेशींचा वापर केवळ परवानगी असलेल्या, नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नीतिमत्ता समितीची मान्यता दाखवायला सांगा. चाचणीतल्या प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून मागितले जात असतील, तर तेथून निघून या.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून सासरे गुळवेलीचा काढा देतात. किडनी बसवलेल्या माणसाला तो चालेल का? (सांगली)

उत्तर : चालणार नाही. तुमच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे, आणि ती चेतवणारे काहीही घेणे म्हणजे किडनीच्या मुळावर येणे आहे. शिवाय करोनाच्या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले आहेत. सासऱ्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून त्यांना एकदा डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्या; तुमच्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले त्यांना पटेल.

याच जोडीला आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ग्रेपफ्रूट आणि आपल्याकडचे पपनस टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढवतात, त्यामुळे गणपतीच्या फळावळीतले पपनस या माणसाने खाऊ नये. बुरशीसाठी दिले जाणारे फ्लुकोनॅझोल ती पातळी वाढवते, तर क्षयावरचे रिफाम्पिसिन ती इतकी खाली आणते की नेहमीची मात्रा निरुपयोगी ठरते. कोणत्याही दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यास गोळ्यांची चिठ्ठी आधी पुढे करावी. आणि टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावी. आधी घेतली तर आकडा खोटा मोठा येतो आणि त्यावरून मात्रा उगाच कमी केली जाते.